दत्तूभावजींची निवडणूक

माझ्या नातीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात शेजारचे दत्तूभावजी म्हणाले, "समोर कोन उभं हाय?" पाहुणे गोंधळले. भावजींनी समजावलं, "एकच पोरगा दाखवलासा. मग ही निवड कशी म्हनायची? दुसरं एक नाव पायजे की!" पाहुणे चहा न पिताच उठले. तेव्हापासून घरात असलं काही असलं की आम्ही भावजींना जोतिबाला पाठवतो.

आमच्या कळंब्याकडच्या दूधसंस्थेची निवडणूक बिनविरोध व्हावी, खर्च वाचावा, असं सगळ्यांना वाटतं. भावजींना तेच खपायचं नाही. दर वेळी चेअरमनच्या पॅनेलसमोर एकटे अर्ज भरायचे आणि पडायचे. लोकांनी हात जोडले तरी माघार नाही. "दूध यंत्रावर मोजत्यात, पैसं खात्यात येत्यात, देश लई पुढं गेलाय म्हनं. आन् मत द्यायला एकच नाव? ह्याला पुढं जानं म्हनायचं व्हय?" पडले की चेअरमनला पहिला हार मात्र हेच घालायचे.

आम्ही हसायचो. पण हा माणूस उभा राहिला की चेअरमनला दारोदार फिरावं लागायचं. माझ्या उंबऱ्यात उभा राहून तो विचारायचा, "मावशी, काय अडचण?" एरवी त्याच्या गाडीची काच खाली होत नाही. जनावरांचा डॉक्टर वेळेवर येऊ लागला, तोही अशाच एका निवडणुकीत. हे कुणामुळे झालं, ते तेव्हा आम्ही बोललो नाही.

अर्जावर सूचक म्हणून सही त्यांच्या बायकोची, शालनची. म्हैस तिच्या नावावर, म्हणून तीही सभासद. सही करायची आणि तोंडही सोडायची, "पडायची एवढी हौस हाय तर हिरीत पडा की!"

गेल्या पावसाळ्यात शालन गेली. यंदा अर्जाची मुदत संपत आली तरी भावजी आपले कट्ट्यावर बसून. मी म्हटलं, "उठा. मी बी सभासद हाय. सूचक म्हनून मी सही करते."

"नको वैनी."

"का? माझी सही वाकडी हाय म्हनून?"

"तसं न्हाय. पडून घरी आल्यावर शिव्या कोन देनार?"



निवडणूक बिनविरोध झाली. गल्लीत गुलाल उडाला. चेअरमन गाडीतूनच हात जोडत निघून गेला. माझी म्हैस दोन दिवस चारा खात नव्हती, ते सांगायचं राहूनच गेलं. माझं डोकं फिरलं. तशीच भावजींच्या दारात गेले आणि येत होत्या तेवढ्या शिव्या त्यांना दिल्या. घरात बसून राहिल्याबद्दल दिल्या, तोंड पाडून हिंडल्याबद्दल दिल्या. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटी मीच दमले.

"आवाज बरा हाय वैनी," ते म्हणाले. "पर ती मधीच थांबून च्या टाकायची."