खंडेनवमीची रॅकेट

"हत्यार निवडावं ते सुभेदार नानासोंनीच!" असं रहिमतपुरात कुणीही म्हणत नव्हतं. नानासो स्वतःच म्हणायचे.

गेल्या वर्षी साताऱ्याच्या बॅडमिंटन स्पर्धेत त्यांची सून संयोगिता फायनलला मलकापूरच्या मुबश्शिराकडून दोन गुणांनी हरली होती. "पोरगी वाघीण हाय, हत्यारानं दगा दिला!" नानासोंनी निदान केलं. आणि यंदा भर चौकात जाहीर करून मोकळे झाले, "रॅकेट मी निवडणार. सून हरली तर ही मिशी उतरवणार!"

"आवं, रॅकेट हाय ती, बंदूक न्हवं!" बनुबाई आतून ओरडल्या. पण त्यांचे यजमान तोवर सांगलीच्या एसटीत बसलेसुद्धा!

सांगलीच्या खेळाच्या दुकानात मालक तारिकने एकेक रॅकेट काढून दिली. नानासोंनी एक डोळा मिटून नेम धरला, बोटावर तोल बघितला, तारा कानाशी वाजवल्या. चौदावी रॅकेट तर अशी फिरवली की वरची ट्यूबलाइट फुटली आणि शेजारचं गिऱ्हाईक काउंटरखाली गेलं!

"साहेब, ताई मनगटानं खेळतात का खांद्यानं?" तारिकने लांबूनच विचारलं.

"ईर्ष्येनं खेळती!"

तारिक हसला. एक हलकी निळी रॅकेट पुढं करून म्हणाला, "मग हीच घ्या. ट्यूबलाइट माझ्याकडून."

रॅकेट खरोखर झकास होती. नानासो इथंच थांबले असते तर काही बिघडलं नसतं.

पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी! कोयता, पाने-पकड, ट्रॅक्टर यांच्या रांगेत रॅकेटही बसली. हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला. आता पूजा झाली की हत्याराला तेल द्यायचं, हा फौजेतला शिरस्ता. नानासोंनी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढली आणि रॅकेटच्या मुठीला मन लावून मालिश केली. मग ती कव्हरात घालून सुनेला हुकूम सोडला, "अडल्याबिगर उघडायची न्हाई!"

रविवारी कुरकुरणारं फाटक ढकलून सगळे साताऱ्याच्या हॉलमध्ये शिरले. संयोगिता जुन्याच रॅकेटवर फायनलला पोचली. समोर पुन्हा मुबश्शिरा! शेवटच्या गेममध्ये एकोणीस-एकोणीस झाले आणि जुनीची तार तटकन तुटली.

"काढ आता निळी!" नानासो गरजले.

संयोगिताने रॅकेट घेतली. मूठ जरा बुळबुळीत लागली, पण तिला वाटलं, आपल्याच हाताला घाम आला असेल. सर्व्हिस झाली, शटल उंच आलं, तिने उडी मारून फटका हाणला. शटल जागच्या जागी पडलं आणि रॅकेट सुटली ती थेट प्रेक्षकांत!

"पोझिशन!" नानासो ओरडले आणि आडवे झाले. त्यांच्यामागे अख्खी रांग आडवी! बसून राहिले ते फक्त प्रमुख पाहुणे. रॅकेट त्यांच्या गळ्यातल्या हारात जाऊन अडकली.

एकोणीस-वीस! संयोगिता तेलकट हाताकडे बघत राहिली.

"मामा, हे काय लावलंय?"

सासरेबुवांचा हात मिशीकडं गेला. मिशीचं काय, ती पुन्हा उगवेल. पण आपल्या हातानं पोरीचा खेळ घालवला, या विचाराने सुभेदारांचे डोळे भरून आले.

इकडं मुबश्शिरा पोट धरून हसत होती. हसत हसतच तिने आपली जादा रॅकेट जाळीवरून पुढं केली. "घ्या ताई. बिनतेलाची हाय!"

संयोगितालाही हसू फुटलं. तिने टॉवेलने हात पुसले आणि ओळीने तीन गुण मारून फायनल जिंकली. मुबश्शिराचं हसू काही थांबलं नव्हतं, हेही खरं! पण मॅच ती मॅच. नानासोंनी दोघींनाही कडक सॅल्यूट ठोकला.

बक्षीस म्हणून संयोगिताला एक कोरी रॅकेट मिळाली. नानासोंनी एक डोळा मिटून नेम धरला. "लय भारी हाय! फकस्त जरा..."

"मामा!" संयोगिता आणि मुबश्शिरा एकदमच ओरडल्या.

"आगं, कव्हर घाला म्हणत हुतो!" नानासो घाईघाईने बाहेर पडले. खिशात तेलाची बाटली होती, मॅचच्या मध्ये लागली तर असावी म्हणून आणलेली. इकडंतिकडं बघून त्यांनी ती फाटकाच्या बिजागऱ्यांवर रिकामी केली.

त्या दिवसापासून ते फाटक मात्र कुरकुरत नाही.