हैबतीबाबाचं वळण

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना पाय होते. सशाला होते, भेकराला होते, रानडुकराला होते. चांगले चार-चार होते. त्या पायांनी ते धावायचे, आणि वाघ मागं लागला की फारच छान धावायचे. पण एवढ्यानं कुणाचं समाधान होईना. म्हणून तिथं सायकली आल्या.

कुठून आल्या ते विचारू नका. असल्या गोष्टी येतातच.

मग दर वर्षी पाऊस संपला, पठारावर सोनकी फुलली आणि गवत पिवळं पडायला लागलं की सायकलींची शर्यत होऊ लागली. वर पठारावरून निघायचं आणि खाली नदीकाठच्या उंबराशी पोचायचं. मधली वाट डोंगराची. दगड, निसरडा मुरूम, दोन्हीकडं कारवीची झुडपं आणि कारवीपलीकडं खोल घळ. पूर्वी याच वाटेनं सगळे रोज पाणी प्यायला उतरायचे. तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नसे. आता सायकलवर बसून उतरलं की टाळ्या. शिवाय जो पहिला येईल त्याचं एक मागणं वाघमहाराज पुरं करत.

या जंगलात दोन साळिंदर भाऊ राहत होते. थोरला हैबती आणि धाकटा केरबा. हैबती सायकलवर बसला की मागून कुणी जवळ यायचं धाडस करत नसे, कारण काटे. त्यामुळं तो नेहमी पुढं. केरबाला सायकल येत नव्हती. त्याला जमीन उकरता यायची, कंद काढता यायचे, आणि आपला दादा किती भारी आहे हे दिसेल त्याला सांगता यायचं. एवढं त्याला पुरत होतं.

त्या वर्षी शर्यतीच्या दिवशी केरबा उंबराखाली उभा होता. हातात दादासाठी सोललेला कंद. एक आला. दुसरा आला. मग सगळेच आले. दादा आला नाही.

वाटेत एक वळण होतं. वळणाच्या बरोबर मधोमध एक दगड होता, डुकराएवढा. तो तिथं आहे हे शर्यत समितीला चांगलं माहीत होतं. समितीचा अध्यक्ष होता कोल्हा. तो दर वर्षी दगडापाशी उभा राहायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "हा काढायला पाहिजे." मग समिती चहा प्यायला जायची.

हैबती त्या दगडावर आपटला आणि घळीत गेला.

केरबानं तो कंद किती तरी दिवस हातातून सोडला नाही. कंद वाळून लाकूड झाला.

आता तुम्ही म्हणाल, मग दगड काढला असेल. तुम्ही लहान आहात म्हणून असं म्हणता. दगड काढला नाही, शोकसभा घेतली. कोल्हा बोलायला उभा राहिला. त्यानं आधी शेपटीनं डोळे पुसले, मग शेपटी झटकली आणि म्हणाला, "हैबती गेला असं कोण म्हणतं? हैबती त्या दगडात आहे!"

सगळे ढसाढसा रडले. रडता रडता कुणीतरी शेंदूर घेऊन आलं. दगडाला शेंदूर फासला, वर झेंडा लावला. वळणाला नाव दिलं, हैबतीबाबाचं वळण. आणि एकमतानं ठराव झाला, की इथून पुढं प्रत्येक स्पर्धकानं या वळणावर उजवा हात कपाळाला लावून बाबाला नमस्कार करायचा.

उजव्या हाताखाली ब्रेक असतो. पण ठरावात ब्रेकचा विषय नव्हता.

केरबा तडक कोल्ह्याकडं गेला. कोल्हा ऊन खात पडला होता.

"अध्यक्ष, तो दगड काढा."

"हळू बोल, हळू बोल." कोल्ह्यानं कानाला हात लावला. "दगड काय म्हणतोस? बाबा म्हण."

"कसला बाबा? त्यानं माझ्या दादाला मारलं."

"अरे, तुझा दादाच बाबा आहे."

"मग दादाला मारलं कुणी?"

कोल्ह्यानं कान खाजवला. मग म्हणाला, "तू शाळेत किती शिकलास रे?"

"गेलोच नाही फारसा."

"तेच ते. म्हणून तुला हे जड जातंय."

केरबाचे सगळे काटे उभे राहिले. कोल्हा चटकन मागं सरकला आणि आवाज गोड करून म्हणाला, "हे बघ पोरा, जिंकणाऱ्याचं मागणं महाराज पुरं करतात. पुढल्या वर्षी तू शर्यत जिंक आणि माग खुशाल. माझी काही हरकत नाही."

एवढं बोलून तो इतका हसला, की त्याला ठसका लागला.

केरबानं घळीत उतरून दादाची सायकल वर काढली. चाक वाकडं झालं होतं ते दगडावर ठोकून सरळ केलं. पडून पडून सायकल शिकला. त्याला ती मुळीच आवडली नाही. बसायला टोचते, चढाला ढकलावी लागते, उताराला ऐकत नाही. असल्या वस्तूपायी दादा गेला, हे त्याला रोज नव्यानं कळायचं आणि रोज तो तिला एक लाथ घालायचा.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तो आईच्या पाया पडायला गेला. आईला समितीनं वीरमाता केलं होतं. पठारावरच्या व्यासपीठावर बसवायचं, शाल द्यायची, नारळ द्यायचा. ऊन मी म्हणत होतं, तरी आई शाल घट्ट लपेटून बसली होती.

"आई, एवढ्या उन्हात शाल कशाला?"

"असू दे रे."

केरबानं शाल ओढली. आईची पाठ जवळजवळ उघडी पडली होती. कुठं कुठं उपटल्याच्या लाल खुणा.

"आई, काटे कुठं गेले?"

"मागायला येतात ना," आई म्हणाली. "बाबाचा प्रसाद म्हणून हँडलला बांधायला लागतात स्पर्धकांना. हैबतीचे संपले. आता त्याच्या नावानं मागतात. नाही कसं म्हणू?"

केरबानं शाल परत तिच्या पाठीवर टाकली.

"आज तो दगड काढतो बघ मी."

"दगड राहू दे," आई म्हणाली. "तू खाली पोच म्हणजे झालं."

पठारावर गर्दी जमली होती. डोक्यावर करवंट्या बांधून सगळे स्पर्धक उभे होते. त्यांत सशांची तानी होती. तिची ही पहिलीच शर्यत.

"अगं बाई, केरबादादा, तूपण?" ती हसून म्हणाली. "तुझ्या मागं नाही हं राहायचं मला. डोळा जायचा माझा."

केरबाचं लक्ष तिच्या हँडलकडं गेलं. तिथं लाल दोऱ्यानं एक काटा बांधला होता. त्यानं तो हिसकावून घेतला.

"ए! बाबांचा आहे तो! अध्यक्षांनी दिलाय!"

"माझ्या आईचा आहे हा!"

"मग मी वळण कशी उतरू?"

"ब्रेक दाबून उतर!"

"ब्रेक काय, सगळेच दाबतात," तानी रडवेली झाली. "काटा कुणाकुणाकडंच असतो."

आणि ती सायकल तिथंच टाकून दुसरा काटा मागायला व्यासपीठाकडं पळाली. तिकडं आई बसली होतीच.

तेवढ्यात शिट्टी झाली.

सगळे निघाले. पुढं रानडुक्कर, मागं भेकर, मागं माकड, मागं बाकीचे. सगळ्यांच्या मागं केरबा. पुढच्यांचा धुरळा खात, दात आवळून तो उतरत होता. मधेच वाटेला रान माजलं होतं, मधेच पावसानं वाट खाऊन टाकली होती. दोन्ही हात त्यानं हँडलवर असे रोवले होते, जसे काही तिथंच उगवले आहेत.

वळण आलं. रानडुकरानं मोठ्या भक्तीनं उजवा हात कपाळाला लावला आणि ते दगडावर गेलं. भेकरानं त्याच्यामागं नमस्कार केला आणि ते डुकरावर गेलं. माकडानं दोन्ही हातांनी नमस्कार केला. ते थेट कारवीत गेलं. बघता बघता वळणाच्या कडेला, कारवीशी, सायकलींचा आणि भक्तांचा ढीग झाला. कुणाचा पाय मोडला, कुणाचे दात गेले. नशीब, घळीत कुणी गेलं नाही.

केरबा आला. त्यानं नमस्कार केला नाही. ब्रेक दाबला, सायकल तिरकी घातली आणि दगडाच्या कडेनं पलीकडं गेला.

पुढं वाट मोकळी होती. खाली नदी चमकत होती. उंबर दिसत होता. पुढं कुणीच नव्हतं. शर्यत त्याचीच झाली होती. आता नुसतं उतरायचं आणि मागायचं.

आणि वरून, दोन-तीन वळणांपलीकडून, आवाज आला, "हैबतीबाबा की जय!"

तानी होती. तिला काटा मिळाला होता.

केरबा थांबला. तो मनात म्हणाला, मी खाली जाईन, महाराज हो म्हणतील, मग समिती बसेल, मग चहा होईल, मग दगड निघेल. तानी तर आत्ता येत होती.

त्यानं सायकल कारवीत फेकली, मागं धावला आणि दगडाखालचा मुरूम उकरायला लागला. जन्मभर त्यानं तेच केलं होतं. माती मागं उडत होती, नखं तुटत होती.

ढिगातून रानडुक्कर ओरडलं, "अरे पापी! बाबांना हात लावतोस?"

"तुझा पाय मोडलाय ना?"

"मोडलाय! पण बाबांच्या पायाशी मोडलाय!"

"मग तिथंच पड!"

घळीकडची माती गेली. केरबानं दगडाला खांदा लावला. दगड हलला, कलला, आणि झेंड्यासकट घळीत गडगडत गेला. केरबा कडेला पडला. तेवढ्यात तानी आली. डोळे गच्च मिटलेले, उजवा हात कपाळाला. जिथं दगड होता बरोबर तिथून तिची सायकल गेली, मुरमावर सरकली, लडबडली, सावरली आणि खाली निघून गेली.

केरबा कारवीत पडल्या पडल्या म्हणाला, "दादा, गेली बघ ती." आणि मग खूप वेळ तो उठला नाही.

तो लंगडत उंबराशी पोचला तेव्हा तानी महाराजांपुढं उभी होती. पहिली तीच आली होती.

"महाराज, चमत्कार झाला!" ती सांगत होती. "मी डोळे मिटून नमस्कार केला, आणि बाबा स्वतः बाजूला झाले! मला वाट दिली! माझं मागणं एकच. बाबांना परत जागेवर बसवा. आणखी मोठं करून बसवा."

"बाजूला झाले नाहीत!" केरबा किंचाळला. "मी ढकलला! हे बघा!"

त्यानं हात वर केले. दोन्ही हात शेंदरानं लाल होते.

सगळे मागं सरकले. फक्त कोल्हा पुढं आला. त्यानं ते हात निरखून पाहिले आणि डोळ्यांना शेपटी लावली.

"महाराज, बघा! बाबांना बाजूला व्हायचं होतं, तर त्यांनी निवडला कोण? सख्खा भाऊ! या हातांना शेंदूर आम्ही लावलेला नाही. आता पुजारी म्हणून दुसरा कोण शोभेल?"

जेवणाची वेळ झाली होती. महाराज जांभई देऊन म्हणाले, "बरं बरं."

लोक केरबाच्या पाया पडायला धावले. जपून पडले, काटे होते ना.

गव्यांनी नवा दगड ओढत आणला. गव्याएवढाच होता. तो त्याच वळणावर, त्याच जागी बसवला. केरबा आधी थुंकला आणि घरी निघून गेला. मग त्याच्या मनात आलं, पुजारी झालो तर वळणावर बसता येईल. येईल त्याला ओरडून सांगता येईल. दादाला सांगायला कुणी नव्हतं.

म्हणून तो परत आला आणि दगडापाशी बसला.

पुन्हा पाऊस संपला, पुन्हा सोनकी फुलली. शर्यत निघाली. पहिली सायकल दिसताच केरबा बेंबीच्या देठापासून ओरडला, "दोन्ही हात हँडलवर!"

स्वार भक्तीनं म्हणाला, "दोन्ही हात हँडलवर!" आणि उजवा हात कपाळाला लावला.

धाड.

केरबा पुन्हा ओरडला. मागचाही तेच म्हणाला आणि त्यानंही तेच केलं. समितीनं तोवर ते शब्द कापडावर लिहून पठारावर लावले होते. तिथं गर्दी टाळ्यांच्या तालावर तेच म्हणत होती. जितका केरबा ओरडे तितका भक्तांना जोर चढे.

मग तानी आली. तिनं लांबूनच केरबाला ओळखलं आणि ती हसली.

"सरळ बघ!" केरबा म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "तानी, पोरी, हात सोडू नको! दोन्ही हात हँडलवर!"

"दोन्ही हात हँडलवर, केरबामहाराज!" तानी आनंदानं म्हणाली, आणि डोळे मिटून तिनं उजवा हात कपाळाला लावला.

केरबा उठला आणि तिच्यामागं घळीत उतरायला लागला.

वर कोल्ह्यानं शेंदराच्या वाटीवरचं झाकण काढलं. मोठ्या दगडाशेजारी एका छोट्या दगडाला जागा होती.

तात्पर्य: मुलांनो, वाटेतला दगड कधीही हटवू नये. हटवला तर तो परत मोठा होऊन येतो, आणि भाऊ काही येत नाही. कुणाला सावध करायचं असलं तर गप्प बसावं. ओरडलात तर तुमची आरती होते. आणि या जगात आपलं कुणी ऐकावं असं वाटत असेल, तर जिवंतपणी तोंड उघडू नये. आधी मरावं, मग शेंदूर लावून घ्यावा. ऐकत तेव्हाही कुणी नाही, पण नमस्कार सगळे करतात.