रिकाम्या चौकटीचे राखणदार

शहापूरच्या आमच्या कार्यालयात कोणी रिकाम्या चौकटीत शून्य भरले, की काशिनाथ मुकणे खुर्चीतून उठतात. शून्य पुसले जाईपर्यंत उभेच.

मी निवृत्त शिक्षिका. पाड्यांवरच्या बालकांच्या वजनांच्या नोंदी तपासते. मुकणे त्यांची संगणकावर आकडेवारी काढतात. गेल्या महिन्यात खर्डीकडच्या एका पाड्याची यादी चढत्या क्रमाने लावली, तर १०.२ किलोचा मुलगा ९.४ किलोच्या मुलीच्या आधी! मी चक्रावले.

"सोनीच्या चौकटीत कोनी वजनाऐवजी 'वीटभट्टीवर गेली' लिवलंय, बाई. रकान्यात एक शब्द शिरला, की मशीन समद्याच आकड्यांना शब्द समजतं. मग ते वजन बघत नाय, नुसतं पहिलं अक्षर बघतं. एक आधी, नऊ मागून."

हजेरीपटांत आयुष्य घालवूनही हे मला ठाऊक नव्हते.

नोंदी भरणाऱ्या लताताईंनी ते शब्द खोडून शून्य टाकले. मुकणे उभे राहिले.

"बसा हो भाऊ! झेंडावंदन आहे का?"

"शून्य किलोची पोरगी बघितलीय कधी, ताई?"

मुकण्यांनी तिथे 'एनए' लिहिले, म्हणजे यंत्रालाही कळणारी 'माहीत नाही'ची खूण. आणि काय नवल! पाड्याच्या सरासरीचे उत्तरही 'एनए' आले. एकीचे ठाऊक नाही, तर सर्वांचे सांगणार नाही: यंत्राच्या त्या सचोटीपुढे मी थक्क झाले.

"मग गाळा तिला," लताताई वैतागल्या. "तशी सोय आहे ना? अहवाल उद्या जायचाय."

"सोय हाय. गाळली की सरासरी झकास येल, आन सोनी कुठंय ते कोनी इचारनार नाय."

त्यांनी वजनकाटा पिशवीत घातला, मोटारसायकल काढली आणि मुरबाडकडच्या वीटभट्ट्या पालथ्या घातल्या. तिसऱ्या भट्टीवर आईबापांसोबत सोनी सापडली. वजन ७.३, यादीत सर्वांत कमी. तिला दवाखान्यात दाखवूनच ते परतले आणि चौकट भरली.

"एका चौकटीसाठी एवढी धावपळ?" मी विचारले.

त्यांनी खणातून पिवळे पडलेले गुणपत्रक काढले. इयत्ता चौथी. सर्व विषयांत शून्य.

"मी नापास नव्हतो, बाई. आयबरोबर भट्टीवर होतो. परीक्षेला बसलोच नाय."

अक्षर माझे नव्हते. तरी मी ते दोनदा तपासले. तीस वर्षांत अशा किती चौकटींत मी शून्य भरले, ते मला माहीत नाही. त्या उत्तराच्या जागी मात्र मी शून्य लिहिणार नाही.