साठ पावलांचा समुद्र

दोन वर्षांत, एकाच समुद्रकाठची नऊ रिसॉर्टे, एकही कारण न सांगता, एका माणसाने नापास का केली? हा प्रश्न कामतघरमधल्या आमच्या इमारतीत बराच काळ चर्चेत होता. उत्तर शोधण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. मी छत्तीस वर्षे शाळेत भूगोल आणि गणित शिकवले आहे, आणि नापास करणाऱ्याने कारण द्यावे असे माझे मत आहे.

नापास करणारे गृहस्थ म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे हरिश्चंद्र भोईर. निवृत्त होईपर्यंत ते कापडाच्या गोदामात चेकर होते. यंत्रमागावरून उतरलेला तागा दिव्याच्या टेबलावरून ओढत न्यायचा, तुटलेला धागा, गाठ किंवा तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची, आणि शेवटी ‘पास’ किंवा ‘फेल’ एवढाच शब्द उच्चारायचा, असे त्यांचे काम. नोकरी संपली, पण टेबल त्यांच्या डोळ्यांखालून हलले नाही. माझ्या निरोपसमारंभात त्यांनी मला शाल पांघरली. टाळ्या चालू असताना शालीचा पदर त्यांनी अंगठ्याखाली दोनदा फिरवला आणि माझ्या कानात म्हणाले, “दुसरा दर्जा हाय सर, पन थंडीपुरता चालंल.” एका साखरपुड्यात त्यांनी वधूपक्षाच्या पैठणीची घडी उलटी करून पाहिली होती. तिथून पुढे त्या घरची आमंत्रणे त्यांच्या पत्नीच्या नावाने येऊ लागली.

त्यांचे आवडते वाक्य एकच: “माल पाहून बोलू.” डॉक्टरांनी सुचवलेली गोळी असो, भाजीवाल्याची मेथी असो की निवडणुकीतला उमेदवार असो, भोईरांचा अभिप्राय माल पाहिल्याशिवाय मिळत नसे.

अशा माणसाकडे इमारतीच्या सहलीची जागा पाहण्याचे काम सोपवणे स्वाभाविक होते. चौदा जण जाणार होते. रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडे समुद्राने जमिनीत घेतलेला एक अर्धवर्तुळाकार बाक आहे. नकाशात त्याला लहानसा उपसागर म्हणता येईल. (गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे आधीच पुरेशी गर्दी आहे.) सुरूचे बन, लाटांनी कोरलेले खडक, दीपगृह, मावळतीचा कट्टा, होडीतून डॉल्फिन दाखवण्याची सोय असे सर्व काही तिथे आहे. काठाने रिसॉर्टांची रांग आहे. तिसऱ्या मजल्यावरचे अन्सारीभाई यंत्रमागांचे मालक. त्यांच्या मेहुण्याची मिनीबस ठरली होती. अडले होते ते फक्त भोईरांच्या ‘पास’पाशी.

भोईर महिन्या-दोन महिन्यांनी पहाटेच्या एस.टी.ने जात आणि रात्री परत येत. दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणी विचारले की “फेल” म्हणत आणि दार लावून घेत. पाचव्या वेळी अन्सारीभाई त्यांना म्हणाले, “भोईर सेठ, समंदर का भी डिफेक्ट निकालोगे क्या?” भोईर शांतपणे म्हणाले, “समंदर का नहीं. समंदर तक का.” अन्सारीभाईंना आणि मलाही हे उत्तर निरर्थक वाटले.

काहींनी दुसरा तर्क केला. भोईरांच्या पत्नी यमुनावहिनी यांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली, त्यातली काही परत आली. चार पायांची काठी घेऊन त्या घरातल्या घरात चालत. उंबरा मात्र ओलांडत नसत. त्यांना सोडून जाता येत नाही म्हणून भोईर सहलच होऊ देत नाहीत, असे लोक म्हणू लागले. मी वहिनींनाच जाऊन विचारले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“मना जायचंय की सर,” त्या म्हणाल्या. त्यांचे माहेर खाडीकाठचे, काल्हेरचे. आता तिथे गोदामांच्या रांगा आहेत, पण लहानपण चिखलात चिंबोऱ्या धरण्यात गेलेले. खाडीचे पाणी त्यांना हाताच्या रेषांसारखे ठाऊक होते. उघड्या समुद्राला मात्र जन्मात पाय लागला नव्हता. त्यांची अट एकच होती. आजारपणात दवाखान्यात, नंतर एका लग्नात, चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून नेले होते. “गोनपाटासारखी. लोक बाजूला सरकतात, नि वरून इचारतात, बऱ्या हाव ना? मी पान्यापर्यंत माझ्या पायांनी जानार. नायतर घरी बरी हाय.”

हे ऐकूनही मला नऊ नापासांचा उलगडा झाला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. दहाव्या पाहणीला मी भोईरांबरोबर निघालो.

दिवस पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेचा होता. दिवस त्यांनीच निवडला होता, आणि अडीच वाजता तिथे असायला हवे असे बजावले होते. एस.टी. आयुष्यात प्रथमच वेळेआधी पोहोचली आणि आम्ही दीडलाच रिसॉर्टच्या फाटकात उभे राहिलो. व्यवस्थापक तरुण आणि उत्साही होता. त्याने पोहण्याचा तलाव, वातानुकूलित खोल्या, नारळीतले झोके दाखवायला घेतले. भोईरांनी हात वर करून त्याला थांबवले आणि समुद्राच्या सर्वांत जवळच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

मग त्यांनी पिशवीतून चार पायांची काठी काढली. वहिनींच्या काठीसारखीच, पण दुसरी. ती उजव्या हातात धरली, डावा पाय किंचित आत वळवला, आणि ते चालू लागले. काठी पुढे, मग डावा पाय वाळूत ओढत, मग उजवा. एक पाऊल फार तर वीतभर. नव्वद किलोचे, खणखणीत प्रकृतीचे गृहस्थ भर दुपारी वाळूवरून असे चालताना पाहून झोक्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी मोबाइल पुढे धरला. व्यवस्थापक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, आजोबांना अचानक काही झालं का? डॉक्टर बोलावू?”

भोईर पाण्याशी पोहोचले, मान खाली घालूनच थांबले, आणि वहीत आकडा लिहिला. अठ्ठावन्न. मग सरळ झाले, ताडताड चालत परत आले आणि म्हणाले, “पास.”

वही त्यांनी मला वाचायला दिली. पहिले रिसॉर्ट: एकशे चाळीस, पायऱ्या सहा, फेल. दुसरे: ब्याण्णव, वाळू भुसभुशीत, काठी रुतते, फेल. चौथे: पंच्याहत्तर, वाटेत शिंपल्यांचा चुरा, फेल. नऊ पाने अशी होती.

“तिची साठ पावलं हाईत, सर,” ते म्हणाले. “सैपाकघरापासून ग्यालरी नि परत. एकसष्टाव्याला दम लागतो. रोज मोजतो मी, तिला न सांगता.”

मी म्हणालो, अंतर फुटपट्टीने मोजून भागाकार करता आला असता. त्यांनी माझ्याकडे तपासणीच्या नजरेने पाहिले. “वाळूत तिचं पाऊल कसं पडतं, ते फुटपट्टीला काय म्हाईत?”

मी वही त्यांच्या हातात परत दिली.

वेळेबाबत ते निर्धास्त होते. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी: पक्षातली तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, जितके येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. भोईरांचे वडील काल्हेरच्या खाडीत रेतीची होडी चालवत. त्यांनी मुलाला शिकवलेल्या हिशेबात आणखी एक पायरी होती: पाऊणपट, आणि वर एक तास. म्हणजे द्वितीयेला अडीच. “अजून चढंल पानी,” भोईर मला म्हणाले. “आठ-दहा पावलं आनखी कमी होतील.” लवकर पोहोचल्यामुळे दोनची परतीची एस.टी. मिळत होती, नंतरची थेट संध्याकाळी होती. माल पाहून बोलणारा माणूस आणि भूगोलाचा शिक्षक, दोघेही तो उरलेला तास न पाहता निघून आलो.

पुढच्या पंधरवड्यात, अमावास्येनंतरच्या द्वितीयेला, सहल निघाली. वहिनींना उंबरा ओलांडायला आणि मिनीबसची पायरी चढायला वेळ लागला. कोणी हात लावला नाही, आणि अन्सारीभाईंनी हॉर्न वाजवणाऱ्या चालकाला उतरवून चहाला पाठवले.

बरोबर सव्वादोन वाजता वहिनी खोलीच्या दारातून निघाल्या. भोईर त्यांच्यापुढे उलटे चालत होते, तोंडाने पावले मोजत. पाणी मला अंमळ दूर दिसले. “येतंय, येतंय,” भोईर म्हणाले. चाळीसाव्या पावलाला पाणी होते त्याहून लांब दिसले. बावन्नाव्याला मी पायाखाली पाहिले. वाळू ओली होती. येथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी: पाणी चढत असेल तर त्याच्या पुढची वाळू कोरडी असते. ओली वाळू सांगते की पाणी येऊन गेले. मी हे शाळेत शिकवलेले होते, आणि त्या क्षणी बोललो नाही.

साठाव्या पावलाला वहिनी थांबल्या. समोर ओल्या वाळूचा पट्टा चकाकत होता आणि त्याच्या टोकाला समुद्र, अजून निदान तितकाच दूर. श्वास लागला होता. अन्सारीभाई पुढे आले. “भाभी, कुर्सी है. हम चारों मिल के बस इतना सा...”

“नको,” वहिनी म्हणाल्या. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “आवो, तुमचा माल मागं सरकला.”

सगळे हसले. भोईर हसले नाहीत. वहिनींना तिथेच खुर्ची दिली. अर्ध्या तासाने त्या स्वतःच्या पायांनी परत फिरल्या.

भोईर त्या दिवशी मासळीच्या ताटाला शिवले नाहीत. संध्याकाळी लोक मावळतीच्या कट्ट्यावर गेले, तेव्हा ते खोलीमागे वही उघडून बसले होते. मी शेजारी बसलो आणि काडीने वाळूत आकृती काढली: इकडे समुद्र, इकडे खाडीचे मुख, आणि आत, खूप आत, काल्हेर. भरतीचे पाणी समुद्रातून खाडीत शिरते आणि वळणे घेत वर चढते; त्याला वेळ लागतो. वडिलांचा तो वरचा एक तास त्या प्रवासाचा होता. उघड्या किनाऱ्यावर तो लावायचा नाही.

भोईरांनी आकृतीतल्या काल्हेरवर बोट टेकवले.

“म्हंजी माझ्या बापाचं चुकलं?”

“नाही. त्यांचं त्यांच्या धक्क्यावर बरोबरच होतं.”

त्यांनी वहीची पाने मागे उलटली. नऊही ठिकाणी ते तासभर उशिरा पोहोचले होते. ओसरणारे पाणी मोजून त्यांनी नापास केलेल्यांपैकी निदान तीन रिसॉर्टे, माझ्या अंदाजाने, पास झाली असती. दोन वर्षे वहिनी घरात बसल्या त्या या एका तासामुळे. हे मी मोठ्याने म्हणालो नाही, पण ते हिशेबात कच्चे नव्हते. त्यांनी खडूने खूण करावी तशी वहीवर पेन्सिलीने एक फुली मारली, स्वतःच्या नावापुढे.

दुसरा दिवस तृतीयेचा. खोली दहाला सोडायची होती. व्यवस्थापकाने आम्हांला त्याच खोलीच्या ओसरीत बसू दिले. दोन वाजता वहिनी उठल्या. या वेळी पुढची वाळू कोरडी होती. भोईर आज मोजत नव्हते. ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून बाजूने चालत होते. मोजणी मी केली. चोपन्नाव्या पावलाला लाटेचे टोक आले आणि वहिनींच्या पावलांवरून गेले. त्या अजून दोन पावले पुढे गेल्या आणि उभ्या राहिल्या. पाणी घोट्यापर्यंत.

“डाव्याला न्हाय समजत,” त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. “उजव्याला गार लागलं.”

मग त्यांनी मान वर केली, आणि विचारले, “आवो, ते बेट कवापासून हाय तिथं?”

“कंचं बेट?” भोईर म्हणाले.

उपसागराच्या मधोमध एक काळे, खडकाळ बेट आहे. त्याच्यावर पांढऱ्या पक्ष्यांची दाटी असते. किनाऱ्यावरच्या कोणत्याही खोलीतून ते दिसते. रिसॉर्टांच्या पाट्यांवर त्याचे चित्र आहे. भोईर या काठावर दहा वेळा येऊन गेले होते.

“ते काय, समोर,” वहिनी म्हणाल्या, आणि दाखवण्यासाठी त्यांनी उजवा हात उचलला. हातात काठी होती. ती पाण्यातून वर आली, तिचे चारही पाय ठिबकत होते, आणि त्या तिच्याशिवाय उभ्या होत्या. भोईरांनी आधी काठीकडे पाहिले, मग ती जिथे टेकलेली असायची त्या रिकाम्या जागेकडे, आणि सर्वांत शेवटी बेटाकडे. त्यांचा हात वहिनींच्या कोपराखाली गेला, पण लागला नाही. वीतभर अंतरावर तसाच राहिला.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “मी पाहिलंच न्हवतं.”

वाचकांना एकच विनंती. तिथीची पाऊणपट, आणि खाडीच्या आत असाल तर वर पाण्याच्या प्रवासाचा वेळ, हा हिशेब मी येथे दिला आहे. तो ढोबळ आहे आणि जागेप्रमाणे बदलतो. माझ्या किंवा कोणाच्या वडिलांच्या शब्दावर विसंबू नये. आपल्या किनाऱ्यावर तासभर आधी जावे, पुढची वाळू कोरडी आहे की ओली ते पाहावे, आणि स्वतः पडताळून घ्यावे.