दोरीपलीकडचा भोपळा

सुनेचे, म्हणजे नेहाचे आईवडील डिसेंबरात पुण्याहून पहिल्यांदाच हैदराबादला येणार, असं ऑगस्टात ती फोनवर सांगत होती, तेवढ्यात मधुकरराव बोलून गेले, "घारगे करू! घरच्या भोपळ्याचे!" घरी भोपळा नव्हता. (वेलही नव्हता.) त्यांच्या पत्नी शांताबाईंनी नुसत्या भुवया वर केल्या. कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या या माणसाने कुंडीतली तुळससुद्धा कधी धड जगवली नव्हती. पण आता व्याह्यांपुढे अब्रूचा प्रश्न होता. मधुकररावांनी त्याच संध्याकाळी बी पेरलं.

नारायणगुड्यातल्या त्यांच्या अपार्टमेंटमागे एक रिकामा प्लॉट होता. मालक अमेरिकेत. 'विकेपर्यंत लावा काय लावायचं ते,' असं म्हणून मोकळा झालेला. दर फ्लॅटला एक वाफा, पण वाफे नावालाच. आधी जाग येईल त्याने सगळ्यांना पाणी घालायचं, आणि फोडणी ज्याची चालू असेल त्याने कुणाचाही कढीपत्ता ओरबाडायचा. (मधुकररावही शेजारची कोथिंबीर न्यायचे, पण ती काय, चिमूटभर!)

वेल फोफावला, पिवळीधमक फुलं आली आणि नेमका देवीला फुलं रचून वाहायचा तेलंगणी सण, बतकम्मा, सुरू झाला. पहिल्याच सकाळी मधुकरराव बघतात तर वेल बोडका! शेजारच्या वाफ्याच्या सत्यवती, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, हातात फुलांचं ताट घेऊन प्रसन्नपणे उभ्या.

"कायकू परेशान होते मधुकरगारू? बतकम्मा को गुम्मडी का, कद्दू का फूल होनाच!"

"गेंदा नहीं चलता क्या देवी को?"

"चलता ना. वो भी लिये. तुम्हारेच कोने में था."

मधुकररावांचं डोकं फिरलं. सोसायटीच्या रविवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी ठराव मांडला: वाफ्यात जे येईल ते वाफेवाल्याचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. समोसे गरम होते, त्यामुळे कुणी विरोध केला नाही. दुसऱ्याच दिवशी आबिड्सच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणून त्यांनी स्वतः सगळे वाफे वेगळे केले. तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येक कळीला औषधाच्या दुकानातली कागदी पिशवी घालून वर दोरा बांधला.

"फुलांना सर्दी होते का हो?" शांताबाईंनी विचारलं.

त्यानंतर मधुकररावांच्या वाफ्याला थेंबभर पाणी कुणी घातलं नाही. "रस्सी के अंदर कैसा आना?" म्हणत सत्यवती पाइप आखडता घ्यायच्या. बादल्या उचलून मधुकररावांची कंबर धरली. कोथिंबीर विकत आणावी लागली. सकाळच्या गप्पा बंद पडल्या, जो तो आपापल्या दोरीच्या आत बसून गवत उपटू लागला. एवढं करून पिशव्यांमधली फुलं फळ न धरताच गळायची. मधुकररावांनी बियाणेवाल्याला मनातल्या मनात वाट्टेल ते सुनावलं. पिशवीत मधमाशी कशी शिरणार, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

वेलाचा एक फाटा मात्र दोरीखालून सत्यवतींच्या भेंडीत घुसला होता. तिथे पिशवी नव्हती, पाणी भरपूर होतं आणि मधमाश्यांना कुणी अडवलं नव्हतं. डिसेंबर उजाडला तेव्हा तिथे घागरीएवढा भोपळा बसला होता.

व्याही रविवारी येणार होते. शुक्रवारी मधुकरराव दोरीपाशी जाऊन उभे राहिले.

"सत्यवतीगारू, वो कद्दू मेरा है. जड़ मेरे तरफ है."

सत्यवतींनी चष्मा वर सरकवला आणि आजवर त्यांच्याशी एक अक्षर मराठीत न बोललेल्या बाई खणखणीत मराठीत म्हणाल्या, "वाफ्यात जे येईल ते वाफेवाल्याचं!"

झालं! शनिवारी मधुकररावांनी स्वतःच मीटिंग बोलावली आणि स्वतःचाच ठराव रद्द करण्याचा ठराव मांडला. कुणीतरी कारण विचारलं. "बंधुभाव," मधुकरराव म्हणाले. लोक इतके हसले की मतं मोजायचीच राहिली. संध्याकाळी दोऱ्या निघाल्या.

रविवारी उजाडताच मधुकरराव सुरी घेऊन बागेत हजर. भोपळा गायब! आता ओरडणार कुणावर? बाग पुन्हा सगळ्यांची झाली होती, ती त्यांच्याच ठरावाने. चरफडत ते घरी आले, तर स्वयंपाकघरात शांताबाई आणि सत्यवती भोपळा किसत बसलेल्या, आणि दारात वाट्या घेऊन अर्धी बिल्डिंग.

"इत्ता बड़ा कद्दू एक घर का होता क्या?" सत्यवती म्हणाल्या. "बैठो, गुड़ फोड़ो."

मधुकररावांनी गूळ फोडला. गुळाचा नुसता भुगा झाला.

दुपारी व्याह्यांनी पहिला घारगा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "वा! घरचाच ना भोपळा?"

"या सत्यवतींच्या वाफ्यातला," शांताबाई म्हणाल्या.

"वेल माझा होता!" मधुकररावांना राहवेना.

"हो का? मग भोपळा त्यांच्याकडे कसा?"

मधुकररावांनी घारगा ताटात ठेवला, घसा साफ केला. पण शांताबाईंनी घाईघाईने व्याह्यांच्या पानात आणखी दोन घारगे वाढले.

"त्यांना नका विचारू हो. सांगायला लागले की मीटिंग भरते."