बोटभर डावीकडे

शेषरावाचे दहाही छर्रे एकाच भोकातून गेले, फक्त ते भोक काळ्या ठिपक्याच्या बोटभर डावीकडे पडलं. साल सदुसष्ट. परदेशातल्या स्पर्धेसाठी छर्‍याच्या बंदुकीचा एकच गडी निवडायचा होता. बुलढाण्याच्या चाचणीला आलेले निवृत्त सुभेदार माणिकराव चक्रावले. त्यांनी बंदुकीच्या टोकावरची, नेम धरायची माशी जरा सरकवली. शेषरावाने ते ओळखलं आणि बरोब्बर पुन्हा बोटभर डावीकडे मारलं.

"मुद्दाम चुकवून राह्यला काय बे?"

"हाव साहेब. आबानं तसंच शिकवलं."

आबा म्हणजे त्याचे वडील, धाड गावचे पुंजाजी, गळ्यात माळ, शेगावच्या महाराजांचे भक्त. ज्वारी राखायला त्यांनी पोराला बंदूक दिली, पण पाखरू उडवायचं, मारायचं नाही, ही अट घालून. बारा वर्षं शेषराव शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून पाखराच्या अंगाला चाटून छर्रे सोडत होता.

"पन हा कागद हाय. पाखरू कुठी हाय इथं?"

"मले ठिपक्यात त्याचा डोया दिसते."

माणिकराव वऱ्हाडातलेच, त्यांनी वाद घातला नाही. "मंग पाखरू बोटभर उजवीकडं बसलं हाय असं समज."

तेव्हापासून प्रत्येक छर्रा ठिपक्याच्या मधोमध. निवड झाली, मलकापूरला हार घालून लोकांनी त्याला गाडीत बसवलं. प्रत्येक छर्‍यानंतर तो थोडा थांबे. नेम पक्का करत असेल, असं माणिकरावांना वाटे.

परदेशात एकोणसाठ छर्रे झाले तेव्हा शेषराव दुसरा होता. माणिकरावांनी मनातल्या मनात धाडला मिरवणूकही काढली. एकच छर्रा उरला, आणि शेषराव बंदूक खाली करून नुसता बघत राहिला. वेळ संपली. नंबर चौथा.

"काऊन नाही मारला बे?" माणिकराव रडवेले झाले होते.

"पाखरू उडालं ना साहेब. परत बसलंच नाही, तं मारू कुठी?"

शेषराव मान खाली घालून घरी आला. एवढ्या लोकांनी हार घातले, आपण रिकाम्या हाताने आलो, हे त्याला फार लागलं होतं. पुंजाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शेवटी पाखरू आलंच नाही?"

"नाही आबा."

"अन् पयल्या तिघाईचं?"

"आलं असंन. तवाच तं साठही छर्रे झाडले त्याईनं."

पुंजाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मंग हारले ते. राखन तं तुह्याच हातून झाली."