तांदळे सरांचे निकष

आमच्या तांदळे सरांपुढं कुठलीही गोष्ट 'एक नंबर' म्हणायची सोय नाही. तुम्ही नांदूरघाटच्या स्टँडवर चहाचा घोट घ्या आणि खुशीत येऊन म्हणा, "एक नंबर चहा!" मागच्या बाकावरून आवाज आलाच म्हणून समजा, "निकष काय?" वळून बघाल तर एक उंच, वाळका, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेला माणूस बशी फुंकत बसलेला असेल. 'सहज म्हणालो हो' असं म्हणून सुटायला जाल तर मेलात. सहज कसं म्हणालात? गोडी बघितली का कडकपणा? पलीकडच्या हॉटेलात पिऊन आलात का? न पिताच त्याला दोन नंबरचा ठरवला, हा कुठला न्याय? चहावाला बिचारा तारीफ ऐकून जरा खुलायला लागलेला असतो, तो पुन्हा कपबशा विसळायला लागतो.

मी शेख. सर आणि मी एकाच कॉलेजात. मी ग्रंथपाल, सर भूगोल शिकवायचे. कॉलेज केज तालुक्यात आहे, नाव सांगत नाही. सांगून करता काय? मोठं फाटक, फाटकावर संस्थाचालक भाऊंचं त्याहून मोठं नाव, आणि आत पोरं नाहीत. पोरांची अॅडमिशन आमच्याकडं आणि मुक्काम पुण्याला. तिथं अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करायची आणि परीक्षेपुरतं इकडं उगवायचं. सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.

सर मात्र त्या रिकाम्या वर्गावर रोज जायचे. हातात खडू, काखेत नकाशाची गुंडाळी. चुकून एखादं पोरगं आलं तर त्याला शिकवायचे, नाही आलं तर खुर्चीवर बसून राहायचे आणि तास संपला की फळा पुसून बाहेर यायचे. फळ्यावर काही लिहिलेलंच नसायचं! पुसता कावून, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "सवय मोडू न्हाई, शेखभाई."

सर तासिका तत्त्वावरचे. म्हणजे कायम नव्हे. दर वर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची, तेव्हा सर पुन्हा नवे व्हायचे. असं नवं होता होता डोक्याचे केस पांढरे झाले. लग्नाच्या वयात स्थळं बघितली, पण मुलीचा बाप एकच विचारायचा, "कायम हायेत का?" युसूफ वडगावच्या एका पाहुण्याला सरांनी उलट विचारलं, की जावयाचे तुमचे निकष काय? पाहुण्यांनी पुढं आलेली पोह्याची प्लेट परत आत नेली म्हणे. सर हे रंगवून सांगायचे आणि आत चुलीपाशी बसलेली त्यांची म्हातारी आई पदर तोंडाला लावून हसायची. म्हातारी गेली. त्यानंतर ही गोष्ट सरांच्या तोंडून मी ऐकली नाही.

दर वर्षी विद्यापीठांची क्रमवारी पेपरात आली की सरांच्या अंगात यायचं. पेपर घेऊन तडक लायब्ररीत यायचे आणि यादी खालून वर वाचायला लागायचे. "वरून वाचायला आपन काय पुन्यातले हाव का?" खालून वाचलं की आपलं विद्यापीठ लवकर सापडतं, असा त्यांचा हिशोब. एखाद्या वर्षी खालूनही सापडायचं नाही. मग चष्मा पुसून वरून वाचायचे. तिथं तर काय सापडायचंच नाही.

मग आमचं भांडण. ते म्हणायचे, हे लोक शोधनिबंध मोजतात, पेटंट मोजतात, कंपन्यांच्या साहेबांना विचारतात की तुम्हाला कुठली पोरं आवडतात. आपलं पोरगं आईबापासंगं ऊसतोडीला जातं, फडातून येऊन पेपर देतं आणि पास होतं, त्याला कुठल्या रकान्यात बसवलंय? मीही काही कमी नाही. मी म्हणायचो, सर, तुमचं सगळं कबूल, पण माझ्या पोरीला पाठवायची वेळ आली तेव्हा मी हीच यादी बघितली आणि वरचं विद्यापीठ बघून पाठवली. नोकरी देणारा यादी बघून दारात येतो. आमच्या दारात कोण येतं? कुत्री येतात. यादी खोटी असेल हो, पण भाकरी तिच्यावर भाजते.

एरवी तोंडातून शब्द पडायच्या आत तो झेलणारा माणूस, पण एका वर्षी हे ऐकून त्यानं चष्मा काढला. मग पेपराची घडी घालत म्हणाला, "तुमचं चुकलं न्हाई शेखभाई. पाऊसबी जिथं पडतो तिथंच पडतो."

एकदा मी त्यांना माझ्या गाडीवर नारायणगडाला दर्शनाला घेऊन गेलतो. पायऱ्यांवर एक आजी टेकली होती. बोलता बोलता म्हणाली की आपल्या गडासारखी जागा नाही, एक नंबर जागा. मी मनात म्हटलं, मेलो! आता हा माणूस इथं तोंड उघडतोय आणि लोक आम्हा दोघांना पायऱ्यांवरून खाली सोडतायत. आणि सरांनी विचारलंच! आजीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "तू आलास ना बाबा इतक्या लांबून. मंग?" सर तिला हात जोडून पुढच्या पायऱ्या चढू लागले. मला वाटलं, चला, सरांना भेटलं कुणीतरी शेरास सव्वाशेर.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जी सांगताना अजून माझं डोकं फिरतं. कॉलेजला दर्जा द्यायला मूल्यांकन समिती यायची होती. भाऊंनी सरांना बंगल्यावर बोलावलं. दर्जा चांगला आला तर भूगोलाच्या कायम जागेचा प्रस्ताव पाठवतो, म्हणाले. घसरला तर पहिला बंद होईल तो भूगोल. प्राचार्यांनी तिथंच सरांकडून वचन घेतलं, की समितीपुढं 'निकष' हा शब्द काढायचा नाही. सरांनी मान हलवली. मला येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता. आयुष्यभर ज्या गोष्टीला शिव्या दिल्या तिच्याच पायावर डोकं ठेवायची पाळी आली होती.

समिती यायच्या आदल्या दिवशी कॉलेज नवरीसारखं सजलं. रोपवाटिकेतून कुंड्या आल्या. माझ्या लायब्ररीत मी जन्मात न बघितलेली मासिकं आली, कुठून आली ते विचारू नका, परवा परत जायची होती. राहिली पोरं. अशा वेळी शेजारच्या शाळेची मोठी पोरं आणून वर्गात बसवायची आमच्याकडं रीतच आहे. पण त्यांचीच नेमकी परीक्षा निघाली. प्राचार्य घामाघूम झाले. भाऊ मात्र शांत. त्यांच्या मंडळींचा बचत गट होता. "बायका बसवा. शिकायला वयाची अट हाय का कुठं?" झालं! बी. ए. तृतीय वर्ष भूगोलाच्या वर्गात बचत गटाच्या बायका, मागच्या बाकावर गॅरेजातली दोन माणसं, आणि पुढच्याच बाकावर बाजारात सीताफळं विकणारी आमची रशीदाबी, नवीकोरी वही मांडीवर घेऊन.

समिती गेली की बायकांना वर्गाबाहेर काढायला मला दारात उभं केलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं. सर आले. दारातच थबकले. भरलेला वर्ग! त्यांना माहीत होतं की ही उसनवारी आहे, सगळं माहीत होतं. तरी त्यांनी वरचं बटण चाचपलं, नकाशा टांगला आणि खडू उचलला.

समिती आली तेव्हा सर ढगांपर्यंत पोचले होते. समितीतल्या बाईंनी रशीदाबीला प्रेमानं विचारलं, कितव्या वर्षाला आहात? रशीदाबी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ म्हनतील त्या." प्राचार्यांनी डोळे मिटले. बाई हसल्या, समाजापर्यंत पोचलेलं महाविद्यालय आहे, असं काहीतरी म्हणाल्या आणि लिहून घेतलं. मग दुसऱ्या साहेबांनी सरांना विचारलं, तुमच्या विभागाची उत्तम प्रथा कोणती?

"शिकवनं," सर म्हणाले.

ते तर झालंच, त्याव्यतिरिक्त काय, असं साहेब म्हणाले. सरांचे ओठ हलले. मला दिसत होतं, तो शब्द त्यांच्या दातापर्यंत आला होता. प्राचार्य त्यांच्याकडं बघत होते. सरांनी तो शब्द गिळला आणि ते नकाशा सरळ करायला वळले. भांडा ना आता, असं मला ओरडावंसं वाटलं. पण मीही कायम नोकरीचा माणूस, मी काय ओरडतो!

समिती जेवायला गेली. मी बायकांना खूण केली, चला, सुटलात. एकीनं तरी उठावं? शिपाई येऊन सांगून गेला, की पुरीभाजी गार व्हायलीय. सरांनाही ते ऐकू गेलं नाही. ते फळ्यावर सह्याद्री काढत होते. समुद्रावरून ढग भरून निघतात, तो डोंगर चढता चढता रिकामे होतात आणि उतरून आपल्या बाजूला येतात तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नसतं. आपण डोंगराच्या सावलीत बसलोय. ह्याला पर्जन्यछाया म्हणतात.

मागून एक मावशी बोलली, "मंजी आमचं काई चुकलं न्हाई?"

सर तिच्याकडं वळले. "न्हाई मावशी. आपली जागाच तशी हाय."

मग एकेकीला वाचा फुटली. मांजरा नदी कुठून निघते, वारा कुठून फिरतो, काय न् काय. मी त्या माणसाला इतक्या वर्षांत असा बघितला नव्हता. चेहरा उजळला होता, शर्टाला खडूची पांढरी बोटं लागली होती. शेवटी रशीदाबीनं वही मिटून विचारलं, "सर, शेजारनीच्या बोअरला पानी लागलं, आन हातभरावर आमची बोअर कोरडी गेली. ते कावून?"

लई चांगला प्रश्न आहे, सर म्हणाले आणि जमिनीच्या पोटातला दगड काढायला फळ्यावर जागा पुसू लागले. तेवढ्यात प्राचार्यांच्या हुकमावरून शिपायानं घंटा बडवली, ती बडवतच राहिला. बायकांना उठणं भाग पडलं. सर मोठ्यानं म्हणाले, "ते उद्या सांगतो." आणि त्या दिवशी त्यांनी फळा पुसला नाही.

उद्या कसला आलाय डोंबलाचा? उद्या कुंड्या परत गेल्या, मासिकं परत गेली, बायका आपल्या कामाला गेल्या. सर नकाशा घेऊन वर्गात जाऊन बसले.

पुढं निकाल आला. दर्जा वाढला! फटाके, पेढे, स्टँडवर भाऊंचा फ्लेक्स. कॉलेज एक नंबर, असं त्यावर लिहिलेलं. वाढलेल्या दर्जावर संगणकाचा नवा कोर्स मिळाला, फीवाला. त्याला खोली पाहिजे होती. प्राचार्य लायब्ररीत आले आणि माझ्यासमोरच सरांना म्हणाले, की भूगोल बंद करायचं ठरलंय, जूनला ऑर्डर निघणार नाही. म्हणजे घसरला असता तरी बंद, चढला तरी बंद. माझं टाळकं सटकलं. मी म्हणालो, भाऊंनी शब्द दिलता ना? प्राचार्य खिडकीतून बाहेर बघायला लागले.

सरांनी अगदी हळू विचारलं, "निकष काय?"

"पटसंख्या," प्राचार्य म्हणाले. "वर्गात कोनी येत न्हाई, सर. तुमालाबी म्हाईत हाय."

ह्याच्यावर आमचे तांदळे सर, चहावाल्याला आणि गडावरच्या आजीला न सोडणारे, नुसते जागचे उठले. नकाशाची गुंडाळी तेवढी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. ती अजून माझ्याकडंच आहे, कपाटामागं. बघितली की जीव तुटतो.

परवा नांदूरघाटच्या बाजारात भेटले. वाळले होते आणखी. वरचं बटण लावलेलं होतं. काय करता म्हणून विचारायचं धाडस झालं नाही, नुसता बरोबर चालत राहिलो. पेरूवाला ओरडत होता, एक नंबर पेरू, एक नंबर पेरू. मी सरांकडं बघितलं. ऐकूच गेलं नाही त्यांना.

तेवढ्यात टोपलीमागून रशीदाबीनं हाक मारली. सरांना बघून बया तोंडभर हसली. "सर, त्या बोअरचं राह्यलंच की. उद्या सांगतो म्हनलेलते."

सर थांबले. बघता बघता त्यांचा चेहरा वर्गातल्यासारखा झाला. हात खिशाकडं गेला, बहुतेक खडूसाठी. वाटलं, आता टोपलीतली सीताफळं मांडून तिला जमिनीचं पोट दाखवतात.

"उद्या सांगतो बाई," ते म्हणाले. "उद्या नक्की."

ती बरं म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडं वळली. जरा पुढं गेल्यावर मी चिडलोच. म्हणालो, सर, दोन वाक्यांचं उत्तर आहे, खाली दगड फुटलेला असला तर पाणी, अखंड असला तर कोरडं. मलासुद्धा येतं, तुमच्याच तोंडून ऐकलंय. बिचारी इतक्या दिवसांनी आठवणीनं विचारतीय, तर सांगून टाकायचं ना!

सर माझ्याकडं न बघता चालत होते.

"सांगून टाकलं, तर मंग परत इचारायला कोन ईल, शेखभाई?"